मॉनिटर घेताना 'धनश्री' लिहून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मॉनिटर कसा निवडावा यावर अर्धं पान लेख होता. वाचला, म्हणजे अर्धा वाचला, बाकीचा भिंग घेऊन. त्यात १४४ हर्ट्झ, गेमिंग, कर्व्ह स्क्रीन, रंगीबेरंगी लाइटवाला स्टँड सगळं होतं, पण ज्याला नीट दिसत नाही त्याने वाचायसाठी कुठला मॉनिटर घ्यावा यावर एक ओळसुद्धा नव्हती. आमच्यासारखे लोक काय कमी आहेत का? म्हणून म्हटलं आपणच लिहावं, छापायचं की नाही ते तुम्ही बघा.

मी नाशिकरोडला डीटीपी करते, म्हणजे छापायचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवून देते, २७ वर्षं झाली. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायटीच्या नोटिसा, द्राक्षवाल्यांची लेबलं, जे येईल ते. आठ वर्षांपासून शुगर आहे, त्यातून डाव्या डोळ्याचा पडदा खराब झाला, लेझर झालं, इंजेक्शनं झाली, आणि उजव्यात मोतीबिंदू धरतोय, डॉक्टर म्हणतात अजून थांबू. चालता फिरता येतं, स्कूटी सोडली, पण अक्षर म्हणजे धुक्यातून बघितल्यासारखं. आणि माझा तर सगळा धंदाच अक्षरावर.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी माझा जुना २४ इंची मॉनिटर होता, साधा १९२० बाय १०८० वाला. अक्षरं बारीक वाटायला लागली म्हणून दुकानात मदतीला येणाऱ्या मुलाला म्हटलं, बाबा जरा मोठं करून दे. त्याने सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांची संख्या, कमी केलं, १२८० बाय ७२० केलं. अक्षरं मोठी झाली, मी खूश. चार दिवसांनी एक लग्नपत्रिका केली, प्रूफ मी वाचलं, मुलीच्या मामाने वाचलं म्हणे (मामा लोक प्रूफ वाचत नाहीत, सही करतात), आणि ३०० पत्रिका छापून आल्या. 'चि. सौ. कां. घनश्री'. धनश्रीची घनश्री झाली. मुलगी रडली, तिची आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, आणि पत्रिका माझ्या खर्चाने परत छापल्या ते वेगळंच.

आता तुम्ही म्हणाल ध आणि घ मध्ये चूक होतेच कुणाचीही. होते. पण ही का झाली ते मला नंतर कळलं. ध आणि घ मध्ये फरक केवढा, तर ध ची डाव्या बाजूची शिरोरेघ तुटते आणि तिथे एक छोटी गाठ येते, बस्स. भ आणि म चं तेच, थ आणि य चं तेच. ही गाठ स्क्रीनवर चार-पाच ठिपक्यांची असते. मॉनिटरमध्ये ठिपके मोजून बसवलेले असतात, १९२० म्हणजे १९२०. तुम्ही त्याला १२८० सांगितलं की तो बिचारा दोन ठिपक्यांचा मजकूर ओढून तीन ठिपक्यांवर पसरतो, मग मधला ठिपका धड काळा नाही धड पांढरा नाही, करडा. ती गाठ त्या करड्यात बुडते. अक्षर मोठं होतं पण गढूळ होतं. ज्याचे डोळे चांगले आहेत तो अंदाजाने वाचून नेतो, आमच्या डोळ्यांत आधीच धुकं, त्यात हे धुकं.

म्हणजे करायचं काय, तर रिझोल्यूशनला हात लावायचा नाही, ते कंपनीने दिलंय तेच ठेवायचं, आणि विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्केल म्हणून असतं ते १२५, १५०, २०० टक्के असं वाढवायचं. तेव्हा कॉम्प्युटर अक्षर नव्याने काढतो, जास्त ठिपके वापरून, त्यामुळे मोठंही होतं आणि कोरीवही राहतं. नुसती अक्षरं मोठी हवी असतील तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये टेक्स्ट साइजचा एक दांडा आहे, तो सरकवला की २२५ टक्क्यांपर्यंत जातो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ३०० पत्रिका वाचल्या असत्या. मला वाटतं नाशिकमधल्या निम्म्या चष्मेवाल्यांचे कॉम्प्युटर आज रिझोल्यूशन खाली आणून ठेवलेले असतील, कुणीतरी भाच्याने पुतण्याने प्रेमाने करून दिलेले.

मग मी नवीन मॉनिटर बघायला निघाले. एम.जी. रोडवर दोन-तीन दुकानं फिरले. सगळीकडे एकच, 'काकू, २७ इंची घ्या, मोठा दिसेल.' मी विचारलं रिझोल्यूशन किती, तर 'फुल एचडी काकू, सगळे तेच घेतात.' आता फुल एचडी २४ इंचातही १९२० ठिपके आणि २७ इंचातही तेवढेच, म्हणजे २४ ला इंचात साधारण ९२ ठिपके पडतात आणि २७ ला ८२. अक्षर थोडं मोठं होतं हे खरं, पण ठिपके विरळ होतात. आमचा साधा लेझर प्रिंटर इंचात ६०० ठिपके मारतो, म्हणून कागदावरचा बारा पॉइंटचा उकार स्वच्छ दिसतो आणि स्क्रीनवरचा तोच उकार चिखलात पाय अडकल्यासारखा दिसतो. इंग्रजीचं एक बरं आहे, त्यांची अक्षरं एका ओळीत उभी असतात. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऋकार, जोडाक्षरात अर्धी अक्षरं एकमेकांच्या अंगावर, आणि हे सगळं तेवढ्याच उंचीत. मराठी वाचणाऱ्याला इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा जास्त ठिपके लागतात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दुकानात डेमोला कायम फुलपाखरू नाहीतर रेसची गाडी लावलेली असते.

शेवटी मी एक गोष्ट केली, लोक हसले तरी सांगते. घरी पेनड्राइव्हमध्ये एक पान करून नेलं. त्यावर बारा पॉइंटमध्ये ध घ, भ म, थ य, ब व, ष प, १ ९, रु रू, कर्ता कर्म धर्म, असं सगळं, आणि सगळ्यात वर 'धनश्री'. आणि पर्समध्ये एक दोरा. माझ्या टेबलावर डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत जेवढं अंतर भरतं तेवढा कापलेला, ५८ सेंटीमीटर. दुकानात उभं राहून मॉनिटर बघितला तर सगळेच छान दिसतात, कारण आपण पुढे वाकून बघतो. मी स्टूल मागितलं, दोरा धरला, मान सरळ ठेवली आणि पान उघडायला सांगितलं. एका दुकानात म्हणाले डेमो पीसला पेनड्राइव्ह लावत नाही. ठीक आहे, नमस्कार केला निघाले. दुसऱ्या दुकानातल्या पोराने लावून दिला, वर चहा पण सांगितला. त्याच्याकडेच घेतला.

तिथे शेजारी शेजारी बघितल्यावर कळलं. २७ इंच फुल एचडीवर ध ची गाठ आहे की नाही ते मला दोनदा बघावं लागत होतं. २७ मध्येच २५६० बाय १४४० वाला, इंचात १०९ ठिपके, त्याच्यावर बरं दिसलं. आणि २७ इंच फोरके, म्हणजे ३८४० बाय २१६०, इंचात १६३ ठिपके, त्याला २०० टक्के स्केल लावलं तेव्हा अक्षराचा आकार फुल एचडीएवढाच पण कडा अशा की मला आमच्या जुन्या ब्रोमाइडची आठवण झाली. (ब्रोमाइड म्हणजे छपाईआधी फोटोच्या कागदावर काढायची ती कोरीव प्रत, आताच्या पोरांना विचारू नका.) पंचवीस हजाराच्या आसपास गेला. महाग आहे, पण चार वेळा पत्रिका परत छापायच्या तर तेवढेच जातात.

३२ इंची पण बघितला. पण माझं म्हणणं, ज्याला जवळ बसून बघावं लागतं त्याने ३२ घेताना विचार करावा. तो आडवा ७० सेंटीमीटर भरतो, जवळ बसलं की कोपऱ्यातलं बघायला मान वळवावी लागते, आणि माझ्यासारखीला तर माऊसचा बाण त्या मैदानात सापडत नाही. २७ वाला ६० सेंटीमीटर, तो झेपतो. बाणाचं सांगते, माऊसच्या सेटिंगमध्ये कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती गोल रिंगण येतं असा पर्याय आहे, आणि बाण मोठा करून पिवळा-हिरवाही करता येतो. माझा पिवळा धमक आहे, गिऱ्हाईक विचारतात हे काय.

घरी आणल्यावर दोन घोटाळे झाले. पहिला, माझा कॉम्प्युटर जुना, त्याचं मॉनिटरची केबल लावायचं भोक एचडीएमआय १.४ चं, त्याच्यातून फोरके फक्त ३० हर्ट्झने जातं, म्हणजे चित्र सेकंदाला तीसदाच बदलतं. बाण उड्या मारत चालायचा, दोन दिवस मला वाटलं माझा डोळाच गेला. डिस्प्लेपोर्ट म्हणून दुसरं भोक होतं, त्याच्या केबलने लावला आणि ६० वर आला, ठीक झालं. त्यामुळे घ्यायच्या आधी आपल्या कॉम्प्युटरला मागे काय भोक आहे ते फोटो काढून न्या. दुसरा घोटाळा पेजमेकरचा, म्हणजे पानं जुळवायच्या माझ्या जुन्या सॉफ्टवेअरचा. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची, त्याला स्केल वगैरे काही कळत नाही. मॅटर झूम होतं पण मेनू नि टूलबॉक्स, ते विंडोज नुसते ताणून दाखवतं, म्हणजे परत तेच गढूळ. त्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, त्यात हाय डीपीआयची सेटिंग आहे, तिथे ओव्हरराइडवर टिक करून सिस्टिम एन्हान्स्ड निवडून बघायचं. काही प्रोग्रामला फरक पडतो काहींना नाही. मला पेजमेकरला थोडाच पडला, कोरलला मात्र काहीच करावं लागलं नाही. जे अजून जुन्याच सॉफ्टवेअरवर बसलेत त्यांनी फोरकेवर पैसे टाकायच्या आधी हे ध्यानात घ्यावं, त्यांना कदाचित साधा २७ फुल एचडी जवळ ओढून बरा पडेल.

जवळ ओढणं ही खरी गंमत आहे आणि ती फुकटात पडते म्हणून कुणी सांगत नाही. मॉनिटर ६० सेंटीमीटरवरून ४० वर आणला की अक्षर डोळ्याला दीडपट मोठं दिसतं, सरळ हिशेब आहे, ३० वर आणला तर दुप्पट. कंपनीचा स्टँड एका जागी बसतो, म्हणून मी टेबलाला अडकवायचा आर्म घेतला, दोन हजाराच्या आत मिळाला. मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूची भोकं हवीत, ७५ नाहीतर १०० मिलीमीटर अंतराची, वेसा म्हणतात त्याला. काही स्वस्त मॉनिटरला ती नसतातच, घेताना मागे हात फिरवून बघा. आता प्रूफ वाचायचं असलं की मी स्क्रीन धरून पुढे ओढते, झालं की मागे ढकलते, अगदी पानाच्या डब्यासारखी.

पण जवळ ओढलं तर चष्मा त्या अंतराचा पाहिजे, आणि इथे बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं. माझा वाचायचा नंबर काढलेला होता हातात पुस्तक धरायच्या अंतराचा, ४० सेंटीमीटरचा. मॉनिटर ५८ वर. १०० ला सेंटीमीटरने भागायचं की त्या अंतराला डोळ्याला किती जोर लागतो ते येतं, ४० ला अडीच, ५८ ला पावणेदोनच्या आतबाहेर. म्हणजे पाऊण नंबरचा फरक. साठीच्या आसपास डोळा स्वतः काहीच ॲडजस्ट करत नाही, तो पाऊण नंबर सगळा धूसरपणात जातो. आणि प्रोग्रेसिव्हवाले, म्हणजे एकाच काचेत लांबचा-जवळचा नंबर असलेले, हनुवटी वर करून चष्म्याच्या तळातून स्क्रीन बघतात, संध्याकाळी मान धरते, मग स्पाँडिलायटिसच्या गोळ्या. मी डॉक्टरांकडे तो दोरा घेऊन गेले. ते म्हणाले हे बरं केलंत, पेशंट अंतर सांगतच नाहीत. कॉम्प्युटरसाठी सिंगल नंबरचा वेगळा चष्मा करून दिला. मला आता वाटतं, आधी चष्मा करायला हवा होता आणि मग मॉनिटर बघायला जायला हवं होतं, मी उलटं केलं.

आमच्याकडे एक काका येतात, नोटा छापायच्या प्रेसमधून रिटायर झालेले, नोटा तपासायच्या खात्यात होते, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची प्रिंट काढायला येतात आणि मग वर्षभर गप्पा मारायला. त्यांनी मॉनिटरऐवजी ४३ इंची फोरके टीव्हीच कॉम्प्युटरला लावला, ई-पेपर वाचायला. मला म्हणाले, 'ताई, टीव्ही स्वस्त पडतो, पण लाल अक्षरं झिरमिळ्या लागल्यासारखी दिसतात.' त्याचं कारण असं की टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतो, पिक्चरला ते चालतं, अक्षराला चालत नाही. त्यांच्या टीव्हीत इनपुटचं नाव बदलून पीसी केलं आणि शार्पनेस खाली आणला, झिरमिळ्या गेल्या. शार्पनेस कमी केल्यावर अक्षर स्वच्छ होतं हे त्यांना पटेना, सारखं परत वाढवून बघत होते. आता ते पाऊण मीटरवर आरामखुर्ची टाकून बसतात. त्यांना जमलं. मला टेबलावर ते धूड नको.

उजेडाचं थोडं. माझ्या दुकानाचं शटर पश्चिमेला, चारनंतर ऊन थेट आत. चकचकीत काचेचा स्क्रीन असता तर मी त्यात माझंच तोंड बघत बसले असते, म्हणून मॅट घ्यायचा, आणि खिडकी स्क्रीनच्या बाजूला यावी, समोर किंवा पाठीमागे नको. ब्राइटनेस दुकानात शंभरवर ठेवलेला असतो, घरी आणल्यावर एक कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनचा पांढरा कागदाच्या पांढऱ्याएवढा होईपर्यंत कमी करा. मोतीबिंदूवाल्यांना पांढऱ्या पानाचा झगझगाट होतो, कारण डोळ्यातल्या गढूळ भिंगावर उजेड विखुरतो. त्यांनी डावं आल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबून बघावं, काळ्यावर पांढरी अक्षरं येतात, परत दाबलं की जातात. मी पत्रिका करताना वापरू शकत नाही पण हिशेब, मेल सगळं त्यातच. आणि विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग येतं, विंडोज आणि एस्केपने जातं.

पॅनलच्या, म्हणजे स्क्रीनच्या पडद्याच्या, जाती असतात, त्यात आयपीएस घ्या. जुन्या टीएन जातीत जवळ बसलं की वरचा भाग एका रंगाचा आणि खालचा दुसऱ्या रंगाचा दिसतो. लुकलुकतो का ते बघायला ब्राइटनेस कमी करून स्क्रीनसमोर पेन जोरात हलवायचं, पंख्याच्या पात्यासारखं एकसारखं दिसलं तर ठीक, सुटी सुटी चार पेनं दिसली तर तो लुकलुकतोय. कर्व्ह आणि १४४ हर्ट्झचा वाचायला काही उपयोग मला तरी दिसला नाही. ब्लू लाइट, म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड, अडवायच्या नावाने दुकानदार जास्तीचे पैसे सांगतात, चष्म्यातही सांगतात, अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑफ्थल्मॉलॉजीने, कॉम्प्युटरसाठी असे खास चष्मे वापरायची शिफारस केलेली नाही. डोळे चुरचुरतात ते बहुतेक पापणी कमी मिटल्याने.

ज्यांना एवढं करूनही वाचता येत नाही त्यांच्यासाठी एनव्हीडीए नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, स्क्रीनवरचं मराठी वाचून दाखवतं, आवाज जरा रोबोटसारखा आहे, सवय होते. आणि एक विनंती आपल्या गावासाठी. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, एवढी जुनी संस्था फार थोड्या गावांत असेल. तिथे किंवा कुठल्याही वाचनालयात एक टेबल, त्यावर आर्मवर बसवलेला एक बरा मॉनिटर आणि भिंग चालू करून दाखवणारं एक माणूस असं झालं तर किती ज्येष्ठ लोक परत वाचायला लागतील. सेटिंग करून द्यायला मी आठवड्यातून एक दिवस येईन, फक्त दुपारी, संध्याकाळी मला रिक्षातून जाताना समोरचे लाइट सहन होत नाहीत.

आणि संपादक साहेब, तुम्ही या विषयावर परत लेख छापलात तर त्यातली ती माहितीची चौकट जरा मोठ्या अक्षरात घ्या. मागच्या वेळी फिक्या करड्यावर पांढरी अक्षरं होती, आठ पॉइंटची असतील, सातचीसुद्धा असतील. तुमच्या डीटीपीवाल्याला सांगा, एका डीटीपीवालीने सांगितलंय.

आपली वाचक,
एक डीटीपीवाली, नाशिकरोड